फोर्टच्या विद्यापीठ परिसरातील कॅफे आणि रम्य जागा : दिवसभराच्या भटकंतीचा क्रम कसा लावावा

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवाराभोवती पायी फिरायला निघालेले बहुतेक जण नावांची यादी घेऊन निघतात आणि यादीत जे पहिले असेल तिथे पहिल्यांदा पोहोचतात. मग सकाळी ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवरकडे पाहताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो, बेलार्ड इस्टेटमधल्या उपाहारगृहात पोहोचेपर्यंत दुपारचे जेवण आटोपलेले असते, आणि सूर्यास्त पाहायला गेटवे ऑफ इंडियाला गेल्यावर लक्षात येते की सूर्य आपल्या पाठीमागे, ताजमहाल हॉटेलच्या पलीकडे मावळतो आहे. जागा सगळ्या चांगल्याच असतात, चुकतो तो त्यांचा क्रम.

या परिसराचा क्रम दोन गोष्टी ठरवतात. कोणत्या इमारतीवर कोणत्या वेळी ऊन पडते ही पहिली, आणि कोणते स्वयंपाकघर किती वाजता बंद होते ही दुसरी. या दोन्हींचा मेळ घातला की उत्तर एकच निघते : सकाळी पूर्वेकडून, म्हणजे सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि हॉर्निमन सर्कलच्या बाजूने सुरुवात करावी आणि संध्याकाळी पश्चिमेकडे, म्हणजे समुद्रावर, शेवट करावा. संपूर्ण वाट साधारण ६ किलोमीटरची आहे. ती दिवसभरात थांबत थांबत चालली, तर फारशी सवय नसलेल्यांनाही जड जात नाही.

टप्पा १ : आवार आणि वार निश्चित करणे

विद्यापीठाची मुंबईत दोन मोठी आवारे आहेत. राजाबाई टॉवर, जुने ग्रंथालय आणि दीक्षान्त सभागृह हे फोर्टमध्ये आहे, तर बहुतेक शैक्षणिक विभाग सांताक्रूझ पूर्वेला कालिना येथील विद्यानगरीत आहेत. बाहेरगावच्या मित्रांना नुसते ‘युनिव्हर्सिटीपाशी भेटू’ असे कळवले, तर त्यांतला एखादा हमखास कालिन्याला जाऊन उभा राहतो. म्हणून निरोपात ‘फोर्ट, ओव्हल मैदानासमोर’ असे स्पष्ट लिहावे.

वार निवडताना मंगळवार ते शनिवार यांतला घ्यावा. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असते. रविवारी फोर्टमधली कार्यालये बंद असल्याने रस्ते मोकळे मिळतात आणि इमारतींची छायाचित्रे उत्तम निघतात, पण त्याच कारणाने तिथली बरीच जुनी उपाहारगृहेही बंद असतात. शिवाय रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद, असण्याची शक्यता मोठी. ज्यांना खाण्यापेक्षा वास्तू अधिक महत्त्वाच्या वाटतात त्यांनी रविवार जरूर घ्यावा. इतरांसाठी शनिवार सर्वांत सोयीचा, कारण कार्यालयीन गर्दी कमी आणि खाण्याच्या जागा बहुतांशी उघड्या, असा दुहेरी लाभ त्या दिवशी मिळतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सव असतो. त्या दिवसांत महोत्सव पाहण्यासाठी जावे, शांतपणे कॅफेत बसण्यासाठी जाऊ नये.

टप्पा २ : आदल्या संध्याकाळची तयारी

पहिले काम म्हणजे सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवणे. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सायंकाळी ६ च्या सुमारास होतो, मार्चच्या मध्यात पावणेसातच्या आसपास, आणि मे महिन्याच्या अखेरीस ७ वाजून गेल्यावर. संध्याकाळचे सगळे टप्पे या वेळेपासून उलटे मोजायचे आहेत, त्यामुळे ती अंदाजाने धरू नये.

दुसरे काम, ज्या दोन जागी खायचे ठरवले आहे त्यांच्या वेळा त्याच आठवड्यात फोन करून विचारणे. नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या वेळा जुन्या इराणी हॉटेलांच्या बाबतीत भरवशाच्या नसतात. पारशी सणांना आणि मालकांच्या घरगुती कारणांनी ती बंद राहू शकतात. मी मुद्दाम दोनच जागा म्हणतो आहे. एका दिवसात चार-पाच कॅफे ‘करण्याचा’ बेत आखला की तिसऱ्या जागी पोट भरलेले असते, चौथ्या जागी केवळ फोटोसाठी कॉफी मागवली जाते आणि चालण्याचा उत्साह मावळतो. सकाळी एक, दुपारी एक आणि संध्याकाळी उभ्याउभ्या काहीतरी थंड, एवढे पुरेसे होते.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, भरतीची वेळ आणि उंची पाहणे सक्तीचे समजावे. महापालिका मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती असलेल्या दिवशी मरीन ड्राइव्हचा टप्पा भरतीच्या वेळेत ठेवू नये.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत : मूळ ओळखपत्र, सुटे पैसे (दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा), पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री, आणि मळके झाले तरी चालतील असे बंद बूट. मोठी सॅक शक्यतो नेऊ नये. संग्रहालयात ती जमा करावी लागते आणि गेटवे परिसरात तपासणीच्या रांगेत वेळ जातो.

तपासणी : सूर्यास्ताची वेळ, दोन्ही उपाहारगृहांच्या वेळा, लोकलचे ब्लॉक आणि पावसाळा असल्यास भरती. या चार नोंदी एका कागदावर किंवा मोबाइलमध्ये असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : पोहोचणे

सकाळी साडेआठच्या सुमारास परिसरात असावे. मध्य आणि हार्बर मार्गावरून येणाऱ्यांनी सीएसएमटीला उतरावे. पश्चिम मार्गाच्या प्रवाशांनी चर्चगेटला उतरून पूर्वेकडे चालत यावे. मेट्रो ३ ने येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानक सर्वांत जवळचे, कारण तिथून वर आल्यावर फोर्टच्या मध्यभागीच पाऊल पडते.

उपनगरांतून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना : दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा चालत नाहीत. त्या माहीम आणि शीव या हद्दीपलीकडेच थांबतात. इथे टॅक्सी, बेस्टची बस आणि आपले पाय एवढीच साधने आहेत. स्वतःची गाडी आणण्याचा मोह टाळावा, कारण फोर्टमध्ये जागा शोधण्यात सकाळचा सर्वांत चांगला तास वाया जातो.

टप्पा ४ : सकाळची न्याहारी

इराणी न्याहारीची वेळ सकाळी लवकरचीच. साडेदहानंतर गेल्यास पाव आणि खारी ताजी मिळेलच असे नाही. फोर्टमध्ये कावसजी पटेल मार्गावरची याझदानी बेकरी या वाटेवर अगदी सोयीची आहे. मरीन लाइन्सला उतरणाऱ्यांनी धोबी तलावाच्या क्यानी अँड कंपनीत न्याहारी उरकून मग फोर्टकडे यावे. दोन्ही ठिकाणी एकाच सकाळी जाण्याची गरज नाही.

काय मागवावे हे ठरवताना बन आणि ब्रून यांतला फरक लक्षात घ्यावा. बन मऊ आणि किंचित गोड असतो. ब्रूनचा वरचा पापुद्रा इतका कडक असतो की सुरी लावताच त्याचा चुरा टेबलभर उडतो, आतला भाग मात्र मऊसूत निघतो. ब्रून मस्का कोरडा चावत बसल्यास टाळू सोलवटते. तुकडा चहात बुडवून क्षणभर धरावा, मस्का वितळून चहावर त्याचे पिवळे थेंब तरंगू लागले की लगेच उचलावा. आणखी थोडा वेळ ठेवला तर खालचा अर्धा भाग कपातच राहतो. दाट चहा हवा असल्यास ‘पानी कम’ असे सांगावे, तो नेहमीच्या चहापेक्षा बराच कडक आणि दुधाळ येतो.

येथे होणाऱ्या चुका बहुधा वागण्याच्या असतात. इराण्याकडे टेबल वाटून घेण्याची रीत आहे. दोघांनी चार जणांचे टेबल अडवून बसू नये आणि अनोळखी माणूस समोर येऊन बसला तर वाईट वाटून घेऊ नये. लॅपटॉप उघडून तासभर काम करण्याची ही जागा नव्हे. काउंटरमागच्या माणसाचा किंवा भट्टीचा फोटो काढायचा असल्यास आधी विचारावे. विचारल्यावर नकार क्वचितच मिळतो, पण न विचारता मोबाइल रोखल्यास तो हमखास मिळतो.

टप्पा ५ : हॉर्निमन सर्कल आणि बेलार्ड इस्टेट

न्याहारीनंतर हॉर्निमन सर्कलला यावे. बागेच्या पूर्वेला एशियाटिक सोसायटीची, म्हणजे टाउन हॉलची, पांढरी इमारत आणि तिच्या रुंद पायऱ्या आहेत. ही इमारत पश्चिमेकडे तोंड करून उभी असल्याने सकाळी पायऱ्यांवर तिचीच सावली पडलेली असते. बसायला जावे ते याच वेळी. दुपारनंतर त्याच पायऱ्यांवर थेट ऊन येते आणि दगड इतका तापतो की दहा मिनिटे बसवत नाही. छायाचित्रांसाठी मात्र दुपारनंतरचे ऊन चांगले, त्यामुळे दोन्हींपैकी काय हवे ते आधी ठरवावे. माझे मत विचाराल तर सकाळच्या सावलीत अर्धा तास बसणे हेच या जागेचे खरे सुख आहे. बागेतल्या मोठ्या झाडांच्या पलीकडे वर्तुळाकार इमारतींच्या कमानी दिसतात, आणि कामावर निघालेले फोर्ट समोरून जात असते.

तिथून बेलार्ड इस्टेटला पायी दहा मिनिटे लागतात. ब्रिटानिया अँड कंपनी हे १९२३ पासूनचे पारशी-इराणी उपाहारगृह इथे आहे आणि तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. हे प्रामुख्याने दुपारच्या जेवणाचे ठिकाण आहे, चहा-नाश्त्याचे नव्हे. एक ते अडीच या वेळेत कार्यालयांतली गर्दी असते, म्हणून बारा वाजता दार उघडण्याच्या सुमारास पोहोचावे. पुलावाचे प्रमाण मोठे असते. न्याहारी झालेल्या दोघांना एक पुलाव आणि सोबत एखादा पदार्थ पुरतो.

सावधानता : बेलार्ड इस्टेटकडून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेकडे येताना नौदल गोदीची भिंत आणि लायन गेट लागते. तिथे छायाचित्रणाला मनाई आहे. मोबाइल खिशात ठेवूनच हा भाग ओलांडावा.

टप्पा ६ : दुपारच्या उन्हात काळा घोडा

जेवणानंतरचे दोन-अडीच तास छपराखाली काढायचे आहेत. हा टप्पा गाळून थेट मैदानाकडे जाणारे साडेतीनपर्यंत दमतात आणि संध्याकाळचा सर्वांत सुंदर भाग न पाहताच घरी परततात.

काळा घोड्याला दोन-तीन पर्याय शेजारीशेजारी आहेत. जहांगीर कलादालनाला प्रवेशमूल्य नाही आणि ते साधारणपणे सकाळी ११ ते सायंकाळी ७ उघडे असते. समोर रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. वस्तुसंग्रहालय नीट पाहायला स्वतंत्र दिवस हवा. या भटकंतीत ते ‘उरकून’ घेऊ नये, त्याऐवजी जहांगीरची दालने सावकाश पाहावीत. चित्रकार बहुधा आपल्या प्रदर्शनात स्वतः बसलेले असतात आणि मनापासून विचारलेल्या प्रश्नांना आनंदाने उत्तरे देतात.

मागच्या गल्ल्यांत नव्या धर्तीचे कॅफे आहेत. रोपवॉक लेनमधला काळा घोडा कॅफे त्यांतला जुनाजाणता. दिवसातले काही लिहिण्या-वाचण्याचे काम असेल तर ते इथे करावे, पण सुट्टीच्या दिवशी टेबलासाठी थांबावे लागते आणि कॉफीचे दर इराण्याच्या चहाच्या कितीतरी पट असतात, याची मनाची आणि खिशाची तयारी असावी. जवळच निळ्या रंगाचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे. आत जायचे असल्यास ओळखपत्र दाखवावे लागते. शनिवार हा प्रार्थनेचा दिवस असल्याने त्या दिवशी केवळ बाहेरूनच पाहावे.

या टप्प्यावर स्वच्छतागृहाचा वापर करून घ्यावा आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी. यापुढे मैदान आणि समुद्रकिनारा आहे, तिथे ही सोय शोधत फिरावे लागते. विशेषतः मुलींच्या गटांनी ही गोष्ट वेळापत्रकातच लिहून ठेवावी.

टप्पा ७ : विद्यापीठ आणि ओव्हल मैदान

काळा घोड्यावरून विद्यापीठ पाच मिनिटांवर आहे. महात्मा गांधी मार्गाच्या बाजूने त्याची मागची बाजू दिसते, दर्शनी बाजू मैदानाकडे आहे. आवारात प्रवेशद्वारावर चौकशी होते. विद्यार्थ्यांनी आपले ओळखपत्र हातात ठेवावे आणि इतरांनी सुरक्षारक्षक सांगेल ते निमूटपणे मान्य करावे. राजाबाई टॉवरवर सर्वसामान्यांना चढू दिले जात नाही, त्यामुळे त्यासाठी विनवण्या करण्यात अर्थ नाही. प्रवेश मिळाला नाही म्हणून हिरमुसण्याचेही कारण नाही, कारण ८५ मीटर उंचीचा हा मनोरा त्याच्या पायथ्याशी उभे राहून नीट दिसतच नाही. त्यासाठी मैदानातच जावे लागते.

मैदानात जाण्याची वेळ सर्वांत काळजीपूर्वक पाळावी. मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय या गॉथिक वास्तूंची रांग, आणि पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या निवासी इमारतींची. २०१८ मध्ये या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. विद्यापीठाची दर्शनी बाजू पश्चिमाभिमुख आहे. सकाळी ती स्वतःच्याच सावलीत असते, तर दुपारनंतर तिच्यावर तिरपे ऊन येऊन दगडाचा मूळ पिवळसर रंग उजळतो. मात्र सूर्यास्तापर्यंत थांबल्यास उशीर होतो, कारण सूर्य आधी पश्चिमेच्या डेको इमारतींआड जातो आणि त्यांची सावली मैदान ओलांडून विद्यापीठाच्या भिंतीवर चढू लागते. म्हणून सूर्यास्तापूर्वी दीड तास ते पाऊण तास ही वेळ धरावी. डेको इमारतींचे नक्षीदार सज्जे आणि रंग पाहायचे असतील तर त्यांच्यासाठी सकाळ योग्य. दोन्ही एकाच वेळी उत्तम दिसत नाहीत, आणि एकाच दिवसात दोन्हींचा हट्ट धरल्यास सगळा क्रम विस्कटतो.

मैदान ओलांडण्यासाठी मधली पायवाट वापरावी. दोन्ही बाजूंना एकाच वेळी अनेक सामने चालू असतात आणि चेंडू चामड्याचे असतात. फोटोसाठी पायवाट सोडून खेळपट्टीच्या आसपास उभे राहणे धोक्याचे आहे, आणि खेळणाऱ्यांवर अन्याय करणारेही. कुणी ‘बाजूला व्हा’ असे ओरडले तर वर न पाहता खाली वाकून डोके झाकावे.

तपासणी : सूर्यास्ताला पाऊण तास उरला की मैदान सोडावे, फोटो मनासारखे आलेले असोत वा नसोत.

टप्पा ८ : चर्चगेटहून समुद्राकडे

वीर नरिमन मार्गाने पश्चिमेकडे निघाल्यावर ब्रेबॉर्न स्टेडियमच्या बाजूला के. रुस्तम हे आइस्क्रीमचे दुकान आहे. आइस्क्रीमची जाड लादी दोन पातळ वेफर बिस्किटांत घालून कागदात गुंडाळून मिळते. कागद पूर्ण सोडू नये, एका कोपऱ्यातून खात जाऊन तो मागे सारत जावा. मार्चनंतरच्या उकाड्यात ती लादी हातात फार वेळ टिकत नाही, म्हणून खाणे दुकानापाशीच संपवून मग रस्ता ओलांडावा. रस्ता सिग्नलवरच ओलांडावा. मरीन ड्राइव्हवरच्या गाड्या दिसतात त्यापेक्षा वेगात असतात.

कठड्यापाशी पोहोचल्यावर बहुतेक जण जागा दिसेल तिथे बसतात किंवा गर्दीच्या ओढीने उजवीकडे गिरगाव चौपाटीकडे वळतात. सूर्य पाण्यात बुडताना पाहायचा असल्यास डावीकडे, म्हणजे नरिमन पॉइंटकडे चालावे. कारण साधे आहे. मलबार हिलची टेकडी खाडीच्या पलीकडे समुद्रात पुढे आलेली आहे. चौपाटीवरून पाहिल्यास सूर्य त्या टेकडीआड जातो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकलेला असल्याने चर्चगेटसमोरूनही टेकडीमागेच मावळतो. नरिमन पॉइंटच्या टोकाकडे, एनसीपीए या कलाकेंद्राच्या दिशेने गेल्यास मोकळे क्षितिज मिळते. हे अंतर वीसेक मिनिटांचे आहे, म्हणूनच मैदान वेळेत सोडण्याचा आग्रह धरला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा चर्चगेटसमोर बसले तरी चालते.

सावधानता : कठड्यापलीकडच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या चार टोकांच्या ठोकळ्यांवर, कोणत्याही ऋतूत उतरू नये. ते शेवाळाने निसरडे असतात आणि दोन ठोकळ्यांच्या फटीत पाय अडकल्यास बाहेर काढणे अवघड होते. पावसाळ्यात पोलीस किनारा रिकामा करायला सांगतात तेव्हा लगेच मागे व्हावे. भरतीची लाट कठडा ओलांडून रस्त्यावर येते आणि परतताना माणसाला ओढते.

सूर्य मावळल्यावर लगेच उठू नये. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाशाचे रंग बदलत जातात आणि कठड्याच्या वळणावरचे दिवे एकामागून एक लागतात. परतीची घाई करणारे नेमके याला मुकतात.

टप्पा ९ : परतणे

नरिमन पॉइंटवरून चर्चगेटला शेअर टॅक्सी आणि बेस्टच्या बस मिळतात. मेट्रोसाठी विधान भवन स्थानक जवळ आहे. मध्य आणि हार्बर मार्गाच्या प्रवाशांनी चर्चगेटला न जाता थेट सीएसएमटीची टॅक्सी किंवा बस धरावी, म्हणजे उलटसुलट चालणे वाचते.

कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उपनगरांकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. चर्चगेट हे पहिलेच स्थानक असल्याने भरलेल्या गाडीत लोंबकळत जाण्यापेक्षा ती सोडून पुढच्या गाडीसाठी फलाटावर आधीच उभे राहिल्यास बसायला जागा मिळू शकते. गटात आलेल्यांनी उतरण्याची स्थानके आधी एकमेकांना सांगावीत आणि गाडी त्याप्रमाणे निवडावी. अंधेरी किंवा बोरिवलीला उतरणाऱ्यांनी गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नये, दाराशी पोहोचेपर्यंत आपले स्थानक मागे गेलेले असते.